छोटा घोडा पाळायचाय? आधी वीस वर्षांचा हिशेब मांडा

मंडळी, रस्ते, पाणी आणि नगरपालिका यांतून जरा बाजूला होऊन आज घोड्यांवर लिहितोय. अर्थात फिरून फिरून विषय नगरपालिकेपाशीच येणार आहे. पण ते शेवटी बघू.

वाई, मेढा, पाचगणी, कास, कराडपासून मिरजेपर्यंत आपल्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत फार्महाऊस किती झाली, ते तुम्हाला माहीत आहे. अंगणात हिरवळ, एका कोपऱ्यात झोपाळा, दुसऱ्या कोपऱ्यात टर्की नाहीतर ससे. आता त्यात नवीन हौस आलीय, छोटा घोडा. रील्समध्ये गुडघ्याएवढा घोडा माणसाच्या मागं मागं घरात फिरताना दिसतो आणि मग नातवाच्या वाढदिवसाला तसलाच घोडा हवा असं ठरतं. पत्रकार माणसाला सगळं माहीत असतं असा लोकांचा गोड गैरसमज आहे, म्हणून मलाही विचारणा होते, "मिनी घोडा कुठं मिळेल हो? रेट काय चाललाय?"

रेट मी सांगत नाही. त्याऐवजी उलटं विचारतो, घोडा विकतच का घ्यायचा? ज्याचं काम संपलंय, ज्याला कुणी विचारत नाही असं एखादं तट्टू का सांभाळू नये?

यावर समोरचा जरा गडबडतो. म्हातारं, लंगडं घोडं घेऊन करायचं काय, असा भाव चेहऱ्यावर दिसतो. त्या भावालाच उत्तर म्हणून ही पोस्ट.

हा मिनी घोडा म्हणजे नेमकं काय?

जगात खऱ्या अर्थानं छोट्या घोड्यांच्या जाती आहेत. अर्जेंटिनात एका कुटुंबानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केलेला फालाबेला प्रसिद्ध आहे. अमेरिकेत मिनिएचर घोड्याची उंची आयाळ संपते तिथपर्यंत मोजतात आणि ती 34 इंचाच्या आत असावी लागते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरचा शेटलँड 42 इंचापर्यंत भरतो. आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडा उंच, एवढंच.

पण ही जनावरं खेळणं म्हणून जन्माला आली नव्हती. ब्रिटनमध्ये 1842 साली कायदा झाला आणि बायकांना व लहान मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवायला बंदी आली. मग मुलांच्या जागी ही बुटकी घोडी खाणीत गेली. त्यातल्या कित्येकांचं आयुष्य जमिनीखाली गाड्या ओढण्यात गेलं. त्यांच्या बुटकेपणाची किंमत पहिल्यांदा ठरली ती अशी, अरुंद बोगद्यात मावतात म्हणून.

आज किंमत ठरते ती दिसण्यावर. जितका बुटका तितका महाग. आणि इथंच गडबड आहे. फक्त उंची कमी करायची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावल्या की त्या वाणात खुजेपणाचे दोष येतात. जबडा वाकडा होतो, दातावर दात बसत नाहीत, पाय फाकतात, सांधे लवकर जातात. व्हिडिओत जे "क्यूट" दिसतं, त्यातलं काही प्रत्यक्षात अपंगत्व असतं. बिचाऱ्याला चालताना दुखत असतं आणि आपण लाइक देत असतो.

आपल्याकडं अशी खरी जात आणायची म्हटलं तर परवाना, विलगीकरण, रक्ततपासणी अशी मोठी भानगड आहे. त्यामुळं कुणी सहज "ओरिजिनल फालाबेला आहे" म्हणून दाखवायला लागला तर आधी कागद मागा. साध्या तट्टाचं शिंगरूसुद्धा सहा महिन्यांचं असताना छोटं आणि गोड दिसतं. ते मिनी म्हणून गळ्यात मारलं तर दोन वर्षांनी तुमच्या लॉनवर चांगलं धट्टंकट्टं तट्टू उभं असेल. म्हणून दात बघायला माणूस न्या. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडायला लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. जाणता माणूस ओठ उचलून वय सांगतो. विकणाऱ्याच्या मोबाइलमधले फोटो वय सांगत नाहीत.

आपला छोटा घोडा आपल्याच दारात आहे

खरं तर छोट्या घोड्यासाठी अर्जेंटिनापर्यंत जायची गरजच नाही. महाराष्ट्राचं स्वतःचं तट्टू आहे, भीमथडी. 2023 साली जे गीत आपलं राज्यगीत झालं, त्यातसुद्धा या तट्टाचा उल्लेख आहे. मराठ्यांच्या फौजा ज्या चिवट, काटक, कमी चाऱ्यावर लांब पल्ला मारणाऱ्या जनावरांवर हिंडल्या ती हीच दख्खनी तट्टं. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको. छत्रपतींच्या राजधानीचं गाव आपलं.

इतकी वर्षं या तट्टाला जात म्हणून सरकारी मान्यताच नव्हती. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं ती आता अलीकडं दिली. आणि मधल्या काळात हे तट्टू कुणी टिकवलं? धनगरांनी. माण, खटाव, फलटणकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन बाहेर पडतात तेव्हा वाटेत पाहा. पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, कधी त्यावर बसलेलं पोर आणि खाली मुकाट चालणारं बुटकं तट्टू. ना त्याला रील, ना फेस्टिव्हल.

देशभराचा आकडाही बघा. 2012 च्या पशुगणनेत भारतात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. 2019 मध्ये ती 3 लाख 40 हजारांवर आली. सात वर्षांत 45 टक्क्यांहून जास्त घट. गाढवांची घट तर 61 टक्के. यंत्र आलं, रस्ता आला, टेम्पो आला, जनावराचं काम गेलं.

यावर कुणी म्हणेल, "मग तर घोडे विकतच घेतले पाहिजेत की! नाहीतर जात संपेल." हा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्यावर पुढं बोलतो. आधी ज्यांचं काम गेलंय त्यांच्याकडं बघू.

सीझन संपला की घोडं कुठं जातं?

वेण्णा तलावावर आणि पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसला नाही असा सातारकर विरळा. लहानपणचा फोटो प्रत्येकाच्या घरी असेल. त्या फोटोतला घोडा पुढं कुठं गेला, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही.

उन्हाळा आणि दिवाळी ही कमाई. जूनमध्ये पाऊस कोसळायला लागला की धंदा बंद, पोट मात्र चालू. घोडेवाला काही सावकार नसतो. बऱ्याचदा स्वतः कर्जात असतो, घोडा उधारीवर घेतलेला असतो. जनावर तरुण आहे तोवर त्याला चंदी मिळते, खरारा होतो, नाल वेळेवर बसते. वय झालं, पाय धरला, दमाला लागलं की त्या तट्टावरचा रोजचा खर्च परवडेनासा होतो. मग ते कमी भावात पुढं विकलं जातं. वरातीला, कुठं वीटभट्टीवर, कुठं गाडीला. आणि तिथंही उपयोग संपला की दोर सोडून देतात. हिल स्टेशनच्या रस्त्यांवर रात्री मोकळं चरणारं घोडं, कचऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी चघळणारं घोडं आपण सगळ्यांनी बघितलंय. गाडीच्या दिव्यात अचानक डोळे चमकतात आणि ब्रेक लागतो.

मी घोडेवाल्याला खलनायक करणार नाही. ज्या धंद्यात म्हातारपणाची सोयच नाही तिथं माणसाचं जे होतं तेच जनावराचं होतं. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये पर्यटन बंद पडलं तेव्हा कितीतरी घोडेवाल्यांनी स्वतःचं पोट बाजूला ठेवून घोड्याच्या चंदीसाठी हात पसरले. जनावरावर माया आहे, पण मायेनं कडब्याची पेंढी येत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्राचे नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा जास्त ओझं नको. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको. पारा 37 अंशांच्या वर जातो तिथं दुपारी 12 ते 3 काम नको. काटे असलेला लगाम तर नकोच नको. आता 90 किलोचा पर्यटक खोगिरावर बसवला तर तो ओझ्यात मोडतो की नाही, यावर वकील वाद घालत बसतील. पाठीला मात्र वजन बरोबर कळतं.

मुंबई आणि माथेरानचा धडा

मुंबईतल्या व्हिक्टोरिया आठवतात? जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या बेकायदेशीर ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. घोडागाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचाही विषय न्यायालयानं सरकारकडं दिला. तो पुढं बरीच वर्षं रेंगाळला. 2021 मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या, फोटो छापून आले. घोड्यांचं पुढं काय झालं याची बातमी कुणी त्या थाटात केली नाही. आम्ही पत्रकारांनीही नाही.

माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळं सगळा भार घोड्यांवर आणि हातरिक्षांवर. तिथं साडेचारशेच्या वर परवानाधारक घोडे. डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाची सुटका व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण यंत्र आलं की घोड्याचं काम कमी होणार हे तर उघड आहे. त्या घोड्यांसाठी आधी सोय आणि मग ई-रिक्षा, असा क्रम कुणी लावला का?

निकाल एका दिवसात लागतो, घोडं मात्र पंचवीस-तीस वर्षं जगतं. मुंबईत झालं, माथेरानला होतंय, उद्या आपल्याकडंही होणार. वेण्णा तलावाकाठच्या लिदीवरून, टेबललँडच्या कातळावरून वाद होतच असतात. त्यातला एखादा वाद कधीतरी कोर्टात निकाली निघेल आणि एका सकाळी आपल्या जिल्ह्यात शेकडो तट्टं बिनकामाची होतील. तेव्हा धावपळ करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तर मग विकत की सांभाळायला?

आता मूळ प्रश्नावर. माझं म्हणणं सरळ आहे. घोड्याकडून काम करून घ्यायचं नसेल, फक्त अंगणात असावा, पोरांनी हात फिरवावा, सकाळी उठून त्याच्याकडं बघावं एवढीच हौस असेल, तर विकत घेऊ नका. सोडलेला, सुटका झालेला, कामातून निवृत्त झालेला सांभाळा.

कारण साधं आहे. तुम्ही बाजारातून शिंगरू आणता तेव्हा विकणाऱ्याला एकच निरोप जातो, माल खपतोय. मग तो घोडी पुन्हा लावतो. अकरा महिन्यांनी दुसरं शिंगरू. त्याच्या वीस-पंचवीस वर्षांचा नवा हिशेब सुरू होतो. आणि तुमची हौस दोन वर्षांत फिटली, पोरगं पुण्याला शिकायला गेलं, तर ते शिंगरू तरुणपणीच रस्त्यावर येतं. निवृत्त तट्टू घेतलं तर आधीच सुरू झालेला हिशेब तुम्ही नीट पुरा करता. दहा-बारा वर्षांची जबाबदारी, आणि तीही अशा जनावराची ज्यानं आपल्याच जिल्ह्यात पोरं पाठीवर घेऊन आयुष्य काढलंय.

दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. पर्यटनात काम केलेलं तट्टू माणसाला, गर्दीला, गाडीच्या हॉर्नला सरावलेलं असतं. स्वभाव कसा आहे ते समोर दिसतं. बाजारातलं शिंगरू पुढं कसं निघेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. नर असेल आणि वेळेत खच्ची केला नाही तर तिसऱ्या वर्षी चावायला, टापा मारायला लागतो. मग तेच लाडकं बाळ साखळीला.

तोटेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकच बाजू लावली. सुटका केलेल्या तट्टाची पाठ सोललेली असू शकते. एखादा पाय कायमचा अधू असू शकतो. मार खाल्लेला असेल तर हात वर केला की बिथरतो, विश्वास बसायला सहा-सहा महिने लागतात. त्यावर बसायला मिळेलच असं नाही, बहुतेक वेळा नाहीच. पोराला रोज रपेट मारायचीय अशी अट असेल तर हे जनावर तुमच्यासाठी नाही. आणि औषधपाण्याचा खर्च पहिल्या वर्षी जास्तच येतो.

मग घोडे पाळणाऱ्यांनी करायचं काय?

आता तो अर्धा बरोबर मुद्दा. घोड्यांची पैदास करणारे सगळे वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. नांदेडकडं माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरतो. आपल्या जवळ अकलूजला भरतो. या बाजारांना परंपरा आहे, जाणकार आहेत, शेकडो घरांचं पोट आहे. भीमथडी टिकवायची असेल तर कुणीतरी ती वाढवली पाहिजे आणि कुणीतरी योग्य भावानं विकत घेतली पाहिजे.

म्हणून माझा नियम असा, कामाला आणि वंशाला विकत, हौसेला दत्तक. तुम्ही खरंच घोडेस्वारी शिकवणारी शाळा चालवताय, डोंगरी शेतावर ओझ्याला तट्टू हवंय, भीमथडीची पैदास करायचीय, तर धनगराकडून रीतसर घ्या. घासाघीस करून त्याला रडवू नका. तो विकतोय ती चार पिढ्यांची मेहनत आहे. पण नुसतं अंगणात मिरवायला म्हणून परदेशी नावाचं बुटकं जनावर एजंटाकडून लाखात घ्यायचं, याला परंपरेचं नाव देऊ नका.

विकत घ्या नाहीतर सांभाळायला घ्या, एक तपासणी दोन्हीकडं सारखीच हवी. ग्लँडर्स. हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. कुठं तरी लांबची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 2006 मध्ये देशात हा रोग पुन्हा उफाळला तो आपल्याकडंच, पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांमध्ये. रोगाची खात्री झाली तर जनावराला दयामरण द्यावं लागतं, कायदाच तसा आहे. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकाकडून घ्यायचा, निश्चित तपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या अखत्यारीत होते. अहवाल हातात येईपर्यंत जनावर दारात आणू नका. "अहो, धडधाकट दिसतंय की" याला काही अर्थ नाही.

खर्चाचा हिशेब, कागदावर

फार्महाऊसवाल्यांना खर्चाची भीती नसते, असं ते म्हणतात. तरी लिहून काढा.

चारा, दाणा, औषध, नालबंद, राखणदाराच्या पगारातला वाटा असं सगळं धरून रोजचे फक्त शंभर रुपये धरू. खरा आकडा यापेक्षा जास्तच निघेल. वर्षाला 36,500. शिंगरू घेऊन वीस वर्षं सांभाळलं तर 7 लाख 30 हजार. म्हणजे घोड्याची किंमत हा खर्चातला सगळ्यात छोटा आकडा आहे. फुकट मिळालेला घोडाही फुकट नसतो.

पैशापलीकडचं पण आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळायला लागतात. नालबंद आता सहज मिळत नाहीत, आधी माणूस शोधा, मग घोडा. वर्षातून एकदा दात घासून सारखे करायला लागतात. जंताचं औषध, धनुर्वाताची लस हे आलंच. पावसाळ्यात आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत चिखलात उभं राहून खूर सडतात, त्यामुळं कोरडी, उंचावरची पागा पाहिजे. पत्र्याचा आडोसा चालत नाही.

खाण्याचं तर विचारूच नका. आपल्याकडं पाहुणा आला की घोड्याला गूळ, पाव, शिळी चपाती, बिस्कीट. बुटक्या जातींना हे विष आहे. थोड्या चाऱ्यावर जगायला बनलेलं शरीर, त्याला गोडधोड दिलं की वजन वाढतं, खुराच्या आतला भाग सुजतो आणि जनावराला पाय टेकवेनासा होतो. घोडा ओकू शकत नाही, हे किती जणांना माहीत आहे? पोटात गेलेलं चुकीचं बाहेर यायला वाटच नाही. पोटशूळ उठला तर काही तासांत जीव जातो. आणि घोड्याचा जाणकार डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहे का, हे आजच शोधा. गाई-म्हशींचे डॉक्टर तालुक्यात भरपूर आहेत, घोड्याचा हात असलेले मोजके.

शेवटचं आणि महत्त्वाचं, घोडं कळपातलं जनावर आहे. एकटं बांधलं तर झुरतं, लाकूड चावत बसतं, जागच्या जागी डोलत राहतं. म्हणून एक नको, दोन घ्या. दोन झेपत नसतील तर एकही नको. सोबतीला निवृत्त गाढव चालतं, तेही बिचारं वीटभट्टीवरून सुटलेलं असतं.

हे सगळं झेपत नसेल तर?

तर घरी आणूच नका, तरीही मदत करता येते. सांगली, सातारा, सोलापूर या आपल्या भागात अ‍ॅनिमल राहत ही संस्था 2003 पासून कष्टकरी जनावरांसाठी काम करते. साखर कारखान्यांच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांपासून सुरुवात झाली. निवृत्त बैल, घोडे, गाढवं त्यांच्या आश्रयस्थानात आहेत. वीटभट्टीवाल्यांना गाढवांऐवजी यंत्राकडं वळवायचं कामही त्यांनी केलंय. असल्या ठिकाणी जाऊन एखाद्या जनावराचा महिन्याचा खर्च उचला. पोरांना घेऊन जा, लीद काढायला लावा. वाढदिवसाची भेट म्हणून हेच जास्त लक्षात राहील.

आणि कुठल्याही संस्थेकडून जनावर सांभाळायला घेताना कागद करा. विकणार नाही, पैदास करणार नाही, जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता परत आणून देईन, असं लिहून द्या. संस्था अधूनमधून बघायला येईल म्हणाली तर राग मानू नका. चौकशी न करता जो घोडा हातात देतो त्याच्यापासूनच सावध राहा.

आता नगरपालिका

म्हटलं होतं ना, विषय इथं येणार. घोडं अडतं ते इथंच.

तुम्ही उद्या ठरवलंत की महाबळेश्वरचं एक निवृत्त तट्टू सांभाळायचं, तर विचारायचं कुणाला? ठरलेली खिडकी नाही. घोडेवाल्याला द्यायचंय, तुम्हाला घ्यायचंय आणि मधे कुणीच नाही. ही पोकळी दलाल भरतो.

वास्तविक 2001 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी हवी. तिला जनावरांचा दवाखाना आणि निवारा उभारायला पुरेशी जमीन आणि सोयी राज्य सरकारनं द्यायच्या, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पंचवीस वर्षं होत आली. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयाला, आमदारांना आणि पालकमंत्र्यांना माझं एवढंच विचारणं आहे, घोड्यांसाठी अशी जागा साताऱ्यात कुठं आहे ते दाखवा. नसेल तर गायरानातले चार-पाच एकर कधी देताय ते सांगा.

सोबत तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. महाबळेश्वर आणि पाचगणी नगरपालिकांनी परवाना देताना प्रत्येक घोड्याला चिप बसवावी, म्हणजे सोडलेलं घोडं कुणाचं ते कळेल. प्रत्येक फेरीमागं पर्यटकाकडून पाच रुपये घोडा निवृत्ती निधी म्हणून घ्यावेत. स्ट्रॉबेरी क्रीमला दोनशे मोजणारा माणूस पाच रुपयांना नाही म्हणणार नाही. आणि घोडेवाल्यानं म्हातारं जनावर निवाऱ्यात दिलं तर त्या निधीतून त्याला काही रक्कम मिळावी, म्हणजे दलालाला विकायची गरज राहणार नाही. या निधीच्या समितीत घोडेवाल्यांचे प्रतिनिधी हवेत. त्यांना बाहेर ठेवून केलेली कुठलीही योजना टिकणार नाही.

आपण दारातल्या बैलाला पोळ्याला ओवाळणारी माणसं. बेंदराला शिंगं रंगवतो, पुरणपोळी भरवतो. घोड्याला दसऱ्याला हळदकुंकू लावतो, लग्नात त्यावर नवरदेव बसवतो. पण त्याचं काम संपल्यावर त्याला कुठं ठेवायचं हे आपण अजून ठरवलेलं नाही.

ज्यांच्याकडं जागा आहे, पाणी आहे आणि दहा वर्षं टिकणारी हौस आहे अशा लोकांनी पुढं या. नाव कळवा, मी यादी करतो. पंचवीस नावं झाली तर ती यादी आणि या मागण्या घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांना भेटू. घोडेवाल्या मित्रांनीही यावं, तुमचं म्हणणं आधी मांडू.

आणि नातवाच्या वाढदिवसाला तूर्तास सायकल घ्या. तिला चंदी लागत नाही.